उत्तरेची बाजू आत

३ डिसेंबर १९६२, एकदरा

माझ्या बाला आज उठवेना. मी नि आय बगलेत हात घालून त्याला बसवायला गेलो, तर असा ओरडला की अंगणातली कोंबडी उडाली! मग स्वतःच हसला — "बग, आवाज तरी हाय माजा." हसतानाही दुखलं.

दोन वर्षं झाली. होडी पाण्यात लोटताना पाय घसरला, कंबरेत काहीतरी लचकलं, ते तसंच. अलिबागच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. शेकून झालं. वैदूने डाग दिला. डागाची जखम भरली, दुखणं जिथल्या तिथं.

होडी आमची, पण यंदा सुकाणूवर हरेश्वरकाका. होड्या परत यायची वेळ झाली की बा भिंतीकडे तोंड करून निजतो.

९ डिसेंबर

सदामामा मुंबईहून आला. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात असतो तो. फुटक्या लाऊडस्पीकरमधलं लोहचुंबक आणलंय — वाटीएवढं, काळं, जड. सोबत एक चोपडं, चुंबकाने दुखणी घालवण्याविषयी. "नले, घरात वाचनारी तूच. तूच वाच नि तूच लाव."

वाचलं. पुन्हा वाचलं. उत्तर ध्रुव अंगाकडे ठेवला की वेदना शमते म्हणे. आणि चुकून दुसरी बाजू लागली तर? ते लिहिलेलंच नाही! एवढं सगळं छापलं आणि तेवढंच नाही!

१० डिसेंबर

चुंबक दोऱ्याने वाशाला टांगलं. फिरत फिरत थांबलं. जी बाजू रेवदंड्याकडे तोंड करून राहिली ती उत्तर. तिला कुंकू लावून ठेवलं. शिडाच्या जुन्या कापडाचा पट्टा शिवला, पाठीवर येईल असा खिसा. उत्तरेची बाजू आत.

बांधून झाल्यावर आय जवळ आली, तर तिच्या हातातली सुरी खाटकन बाच्या पाठीला चिकटली! बा म्हणाला, "आता घरवाली पन चिकटंल काय रं देवा!" आय सुरी तिथंच सोडून आत पळाली. किती दिवसांनी हसलो आम्ही.

रोज सकाळी बांधायचं, दिवेलागणीला सोडायचं.

१४ डिसेंबर

फरक नाही. विचारलं की म्हणतो, "हाय, हाय थोडं." पट्टा सोडताना बघितलं — वैदूच्या डागावर चुंबक घासून कातडी लाल झाली आहे. "टोचतं का रे?" — "न्हाय गो."

बाजू चुकली का माझी? शाळेच्या पुस्तकातली उत्तर आणि या चोपड्यातली उत्तर एकच कशावरून? कोणाला विचारू? या घरात माझ्या आधी कोणी पुस्तक उघडलेलं नाही. मी चुकले तर ते सांगणारंही कोणी नाही.

१८ डिसेंबर

बा उभा राहिला! खांब धरून, ओठ चावून — पण उभा.

२१ डिसेंबर

पडवीपर्यंत चालत गेला, जाळी बघायला. मी मागे निघाले तर खेकसला — "माज्या मागं मागं नको येऊ! मी काय तान्हा हाय?" खेकसला, तरी मला बरं वाटलं. आता रोज पट्टा बांधला की पडवीत जाऊन बसतो.

राहीकाकू, म्हणजे हरेश्वरकाकाची बायको, ओट्यावरून ओरडली — "नले, माजा गुडगा पन बरा कर बाय! न्हायतर शिकून उपेग काय, नवरा तर मिलंना!"

२८ डिसेंबर

पट्टा धुवायला घेतला. आतून तांबूस डाग! रक्त वाटलं. नीट पाहिलं तर गंज. चुंबक गंजलं तर त्याची शक्ती जाते का? चोपड्यात नाही. बाला विचारलं.

"घाम येतो गो. खारा घाम. लोकंड टिकंल काय त्यात?"

नवा खिसा शिवला. त्याला विचारलं, खरंच बरं आहे ना? "बरं हाय गो. किती इचारशील?"

६ जानेवारी १९६३

बा उद्या सुकाणूवर जाणार. काका सोबत असेलच. आय नको नको म्हणत राहिली. बाने माझ्याकडे बोट केलं — "पोरीनं बरा केला. आता घरात बसून अंडी उबवू काय?"

लिहायला लाज वाटते, पण मी फुगले.

७ जानेवारी

अंधारातच पट्टा बांधला. उत्तरेची बाजू आत. मी विहिरीवरून येईपर्यंत तो पडवीतून दोर घेऊन किनाऱ्यावर पोचलाही. मतलई वारा छान होता. शीड कासा किल्ल्यापलीकडे दिसेनासं होईतो आय उभी होती.

८ जानेवारी

धुकं. समोरचा कासा दिसत नाही. वाराही भलताच, दक्षिणेचा. बाकीच्या होड्या आल्या. आमची नाही.

९ जानेवारी

आली नाही. राहीकाकू तिच्या ओट्यावर बसून आहे. तिने काहीतरी टोचून बोलावं असं वाटत होतं.

आय मलाच धीर देते — "होका हाय न्हवं होरीवर? होका बगून तुजा बा डोलं झाकून येल."

होका.

शाळेत गुरुजींनी होकायंत्राजवळ चुंबक धरलं होतं. सुई गरकन फिरली. सगळा वर्ग हसला, मीही. बा सुकाणूवर बसतो तेव्हा होक्याची पेटी त्याच्या गुडघ्यापुढे असते. आणि त्याच्या कंबरेला —

मी बांधलं. माझ्या हाताने. गाठ ओढून बघितली, सुटू नये म्हणून!

कोटेश्वरी आई, मी काय केलं!

१० जानेवारी

सांगितलं.

येसाजी पाटलांच्या अंगणात सगळ्या होड्यांचे तांडेल जमले होते. पाटील म्हणत होते, "वारं दक्षिनेचं. होरी वर गेली आसंल, रेवदंड्याच्या अंगाला. तिकडंच जावा." लोक उठतही होते. मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलं असतं? पण मग होड्या वर गेल्या असत्या आणि बा खाली, दक्षिणेला.

काडीने जमिनीवर काढून दाखवलं. होडी घरी येताना तोंड पूर्वेला. बा मागे बसलेला, चुंबक पाठीवर, उत्तरेची बाजू सुईकडे. सुईचं उत्तरेचं टोक त्या बाजूपासून दूर पळणार, पूर्वेकडे वळणार. मग बाला जी पूर्व वाटेल ती पूर्व नाही, दक्षिणेकडची दिशा. होडी श्रीवर्धनकडे गेली असणार.

कोणी हसलं नाही. राहीकाकू उठून माझ्यापुढे आली. वाटलं, आता मारणार. मारलं असतं तर बरं.

"तू बांदलंस?"

"होय."

ती परत जाऊन बसली.

पाटील खाली बसून त्या रेघा बघू लागले. मग म्हणाले, "शिकलेली पोर हाय. आपल्याच अंगावर खोटं कशाला घेल?"

सगळ्या होड्या दक्षिणेला गेल्या. या गावात माझं म्हणणं पहिल्यांदाच ऐकलं गेलं. असं ऐकलं जायला नको होतं.

११ जानेवारी

काही नाही. वारा तसाच. आयने नारळ बोलला आहे. ती मला एका शब्दाने दोष देत नाही. जेव म्हणते.

१२ जानेवारी

दुपारी पाटलांच्या होडीला नांगर हवा होता. आमचा जुना द्यावा म्हणून पडवीतली जाळी बाजूला केली. नांगराला पट्टा चिकटलेला. चुंबकासकट. नांगर गंजाने तांबडा झालेला — ते डाग घामाचे नव्हते. रोज इथंच काढून ठेवत होता, दिवेलागणीला पुन्हा घालून माझ्यापुढे येत होता. त्या पहाटेही काढूनच गेला.

धावत जाऊन पाटलांना सांगितलं. किनाऱ्यावर त्यांची एकच होडी उरली होती, ती लोटली. वर, रेवदंड्याकडे.

होका खोटा नव्हता. "बरं हाय गो" — ते खोटं होतं.