रस माझ्या हातचा

गिरीज, वसई
१४ जुलै २०२५

प्रिय कॅथी,

तुला आणि बेसिलला माझं खूप प्रेम. देव तुम्हा दोघांना सांभाळो. इकडे आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची सवय हाताला लागली आहे, म्हणून तेच लिहिते.

पाऊस बरा चालला आहे. केळीत पाणी साचतं, म्हणून फ्लॉईड सकाळी वालीवला कामावर जायच्या आधी चर मोकळे करून जातो. टिफनी महिनाभर आजारी होती, ते मी तुला फोनवर सांगितलं होतं. आता ती उठून बसते, मऊ भात खाते. स्वयंपाक शेजारच्या जयवंतीबाई करून देतात. सून आजारी आणि सासू धडधाकट असताना शेजारीण का रांधते, असं तुझ्या मनात येईल. त्यासाठीच हे पत्र. दर रविवारी फोनवर तू "बरी ना?" विचारतेस, मी "हो" म्हणते, आणि बोलणं हवापाण्यावर जातं. हे फोनवर मला जमणार नाही.

टिफनीला टायफॉइड झाला होता. तिला इस्पितळात ठेवलं तिथे डॉ. अश्लेषा म्हणून एक तरुण मुलगी आहे, साताऱ्याकडची. तिने सहज विचारलं, "घरात याआधी कुणाला टायफॉइड झालाय का?"

फ्लॉईडने सांगितलं, मला दहावीत झाला होता. मग आठवून म्हणाला, पप्पांना लग्नानंतर वर्षभरात झाला होता, मम्मी नेहमी सांगते. तो आणखी एक नाव घेणार हे मला कळलं आणि त्याने ते घेतलं. अनिशा.

डॉक्टरीण लिहायची थांबली. "एका घरात चौघांना? आणि आंटी, तुम्हाला?"

मी तोऱ्यात म्हटलं, "मला आजवर साधा ताप नाही. सतराव्या वर्षी एकदा झाला होता टायफॉइड, चाळीस दिवस अंथरुणात होते. त्यानंतर मी लोखंड आहे."

तू तेव्हा चार वर्षांची होतीस. तुला मावशीकडे ठेवलं होतं. तुला काही आठवणार नाही.

आमच्या विहिरीचं पाणी तपासायला पाठवलं, ते स्वच्छ निघालं. मग तिने माझी तपासणी करायला सांगितली. रक्त नाही, शौचाची, तीन वेगवेगळ्या दिवशी. मला राग आला. ठणठणीत माणसाची कसली तपासणी! टिफनी खाटेवरून म्हणाली, "मम्मी, माझ्यासाठी द्या." म्हणून दिली.

तीनपैकी दोनांत जंतू निघाले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. बेचाळीस वर्षं, कॅथी. ते माझ्या आत त्या खड्यांना चिकटून राहिलेत, वाढताहेत आणि बाहेर पडताहेत. मला काही करत नाहीत. दुसऱ्याला करतात.

मी तिला म्हटलं, मला नीट समजावून सांग, मी अकरावी शिकलेली बाई आहे. तिने एका कागदावर पोट काढलं, आतडी काढली. म्हणाली, "आंटी, हे जंतू अन्नातून नाहीतर पाण्यातून तोंडावाटे जातात. पोटातल्या आंबटात बरेच मरतात, थोडे तगतात. ते आतड्याच्या भिंतीतून आत घुसतात. शरीराच्या ज्या पेशी त्यांना गिळून मारायला येतात, त्यांच्याच पोटात ते लपून वाढतात. तिथून यकृत, प्लीहा, हाडांतला मगज. मग एकदम रक्तात येतात, तेव्हा ताप चढतो. आठ-पंधरा दिवस सगळं आत चाललेलं असतं आणि माणूस हसतखेळत असतो. पुढे पित्तातून ते पुन्हा आतड्यात उतरतात. तिसऱ्या आठवड्यात कधी कधी आतड्याला भोक पडतं."

भोक पडतं म्हणाली तेव्हा तिच्या पेन्सिलीने कागदावर टिंब काढलं. मला पुढचं ऐकू आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तुझी अनिशा आमच्याकडे सुट्टीला सात मेला आली आणि अठ्ठावीसला नाशिकला परत गेली. एक जूनला ताप. एकवीसला आपण तिला मातीत ठेवलं. ह्या तारखा तुला सांगायची गरज नाही.

मी विचारलं, शिजवलेल्यातून जातात का? ती म्हणाली, उकळलं की मरतात. कच्च्यातून जातात. कोशिंबीर, सरबत, चिरलेली फळं, हाताने कालवलेलं काहीही. शौचाहून आल्यावर साबणाने नीट हात धुतले नाहीत, नखात राहिलं, तरी पुरतं.

कॅथी, त्या महिन्यात रस माझ्या हातचा होता. रोज दुपारी. मिक्सरातला रस तिला आवडायचा नाही, गुठळ्या हव्यात म्हणायची. मी कोपरापर्यंत हात घालून आंबे पिळायचे आणि ती वाटी घेऊन समोर बसायची. हात मी धुवायचे. पाण्याने धुवायचे. साबण दरवेळी घ्यायचे असं मी शपथेवर सांगू शकत नाही. आपण लहानपणापासून जसे धुतले तसेच.

डॉक्टरीण मला म्हणाली, "तुमच्या भाचीचं नक्की कुणीच सांगू शकणार नाही. तिचे जंतू आता तपासायचे कुठून? बाहेरूनही आला असेल." त्या "असेल"च्या आड मी दहा दिवस बसून राहिले. चर्चमध्ये जाऊन फादरना पापनिवेदनात सांगितलं. ते म्हणाले, अजाणता घडलं, यात पाप नाही, मनाला लावून घेऊ नका. मी माळ जपली, घरी आले, जेवले. आणि जेवताना मला कळलं की फादरना मी अर्धंच सांगितलंय.

उरलेलं तुला सांगते.

त्या महिन्यात एका रविवारी तू तिला भेटायला आलीस, पोरांना कळंबला किनाऱ्यावर नेलंस आणि अनिशाला बर्फाचा गोळा घेऊन दिलास. एकच, काला खट्टा. माती झाल्यावर तुमच्या नाशिकच्या घरात सगळे बसले होते. बेसिल भिंतीला टेकून होता. कुणीतरी विचारलं, पोरीला हे झालं कशाने? कुणी बोलायच्या आत मी बोलले. "मी हिला सांगितलं होतं, बाहेरचं काही देऊ नकोस. हिने गोळा दिला."

मी तुला तसं कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तर मीच म्हटलं होतं, जा, पोरांना मजा करू दे. खोटं बोलले मी. का बोलले? माझ्या घरी राहून गेलेली पोर होती. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळायच्या आत ते तुझ्याकडे वळवले. बेसिलने तेव्हा तुझ्याकडे जे बघितलं ते मी पाहिलं. तो नंतर तीन वर्षं तुला तेच म्हणत राहिला, हे मला माहीत आहे. तू एकदा फोनवर रडत म्हणाली होतीस, "क्लेमा, तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही." तुला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं. मी तेव्हाही म्हटलं नाही की मी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "जाऊ दे आता."

जंतूंचं मला ठाऊक नव्हतं. त्या वाक्याचं ठाऊक होतं.

हे पत्र बेसिलला वाचायला दे. तू सांगितलंस तर त्याला वाटेल तू स्वतःला वाचवतेस. माझं अक्षर तो ओळखतो.

महिनाभर गोळ्या घ्यायच्या आहेत. तेवीसला पित्ताशय काढणार. सणावारी चर्चच्या जेवणाला मी हात लावायचे, तेही फादरना कळवून सोडलं. टिफनी माझा कप वेगळा ठेवते आणि माझ्या नजरेस पडू नये म्हणून फडक्याखाली झाकते. चांगली मुलगी आहे. मी दिवसभर बसून असते. इतकं बसून मी फक्त त्या सतराव्या वर्षीच होते.

थकले ग. तुझी माफी मागायचीसुद्धा ताकद जमवायला दोन आठवडे लागले.

तुझी बहीण,
क्लेमेंटीन


गिरीज
९ ऑगस्ट २०२५

प्रिय कॅथी,

ऑपरेशन झालं. टाके निघाले. आठ खडे होते, मोठा वाटाण्याएवढा. पहिली तपासणी स्वच्छ आली आहे. अजून काही महिने तपासत राहायचं आहे, लगेच विश्वास ठेवायचा नाही असं डॉ. अश्लेषाने बजावलं आहे. टिफनी कामावर जायला लागली.

बेसिल येऊन गेला. तुला सांगून आला की नाही मला माहीत नाही. सकाळच्या गाडीने आला, माझ्या खाटेजवळ खुर्चीत बसला. चहा नको म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "पाणी दे टिफनी," आणि प्याला.

पेला खाली ठेवून म्हणाला, "तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात गेलो. ती भांडी घासत होती. मी म्हटलं, माझं चुकलं."

"काय म्हणाली?"

"भांडी घासत राहिली. सगळी संपल्यावर म्हणाली, तीन वर्षं झाली, बेसिल."

तो रडला. मी त्याला रडताना पहिल्यांदा बघितलं. त्या दिवशीही तो रडला नव्हता. मला वाटलं होतं तो मला शिव्या देईल, मी त्याची तयारी करून ठेवली होती. निघताना म्हणाला, "मीही माणूसच शोधत होतो, दोष द्यायला. तुम्ही दिलात, मी घेतला." आणि मग तुझा निरोप सांगितला: "मी येणार नाही. पण तिला म्हणावं, ऑपरेशन टाळू नकोस, तपासण्या सगळ्या कर." ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. त्याला तो निरोप आधी फोनवर द्यायचं धैर्य झालं नसावं.

तुझा रविवारचा फोन बंद झाला आहे. मी तो वाजायची वाट बघत नाही असं लिहिणार होते, पण या पत्रात तरी खोटं नको.

तू येऊ नकोस. माझा राग कर, हवा तितकी वर्षं कर, मी कुरकुरणार नाही. फक्त स्वतःवरचा काढून टाक. गोळा घेऊन देणाऱ्या आईचं काही चुकलं नव्हतं. पोर उन्हात हसत होती आणि तू तिला थंड काहीतरी दिलंस, एवढंच झालं होतं.

तू म्हणू दिलंस तर अजून तुझीच,
क्लेमा