खालच्या कुंपणालगतचे पोक

मी, ऑर्विल स्टिडम, वय एक्क्याऐंशी, निवृत्त शिक्षक, राहणार लॉरेल दरी, पूर्व केंटकी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना ही अखेरची व्यवस्था स्वहस्ते लिहीत आहे. वकिलांचा मसुदा मी परत केला. त्यातील कर्त्यांना क्रियापदे सापडत नव्हती.

घर, गोठा व वरचे रान माझा मुलगा कार्लटन यास. पुस्तके शाळेस, पाने ओल्या बोटाने उलटू नयेत. एका शेजाऱ्याने नेलेली करवत त्याच्याकडेच राहावी. तिचे दाते त्याने केव्हाच घालवले आहेत.

खालच्या कुंपणालगतची पडीक पट्टी, जिथे पोक ही रानभाजी पुरुषभर उंच माजते, ती मात्र शेजारीण श्रीमती डेल्फिया कूम्ब्स यांना. माझी पत्नी आयडेला वारल्यापासून दर वसंतात त्या तेथील कोवळे कोंब खुडतात, विष उतरावे म्हणून दोनदा उकळून पाणी फेकून देतात, डुकराच्या चरबीत परततात आणि एक ताटली माझ्या ओट्यावर ठेवून जातात.

गेल्या शरदात सून मार्लीन हिने पोकचे जाडजूड मूळ खणले आणि मांसासोबत खातात तो तिखट मुळा समजून किसले. ती शहरात वाढलेली. घरभर उलट्या झाल्या. किसणीवरचा चोथा पाहून डेल्फियाबाईंनीच ओळखले व डॉक्टरांना आणवले. सर्व जण वाचले. तरीही मार्लीन चर्चमध्ये सांगत राहिली की, म्हातारीने कुंपणाला विष पोसले आहे. कार्लटन पट्टी नांगरणार आहे. मी हरकत घेतली तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही आहात तोवर राहू दे, बाबा." म्हणून हे कलम.

मार्लीनवर माझा राग नाही. तिचे मूल लहान आहे, आणि भ्यालेल्या माणसाला दोष ठेवायला कोणीतरी लागते. सबब, अट अशी: घराच्या बाजूची झाडे डेल्फियाबाईंनी मुळासकट काढावीत, फळांचे काळे घोस मुलाच्या हाती लागू देऊ नयेत, आणि पहिल्या खुडणीस मार्लीनला बोलवावे. येणे न येणे तिच्या मर्जीवर.

आज साक्षीदार जमले तेव्हा डेल्फियाबाई रविवारची टोपी घालून आल्या.

"सहीला सगळ्यांना बोलावलंत, मलाच नाही. माझं अक्षर वाईट म्हणून का हो, मास्तर?"

"ज्याला काही मिळायचं असतं, त्याची साक्ष चालत नाही, डेल्फियाबाई."

त्या खुर्चीत बसल्या. टोपी काढून मांडीवर ठेवत त्यांनी विचारले, "मग नांगर?"

"नाही फिरणार."

खाली त्यांची सही नाही, ती याच कारणाने. कोणी ती चूक समजू नये.

ऑर्विल स्टिडम

आमच्यादेखत सही केली:
वर्जिल टॅकेट
नेटी स्पर्लॉक

लॉरेल दरी, १४ मार्च १९५७