सूनबाईंचे भुंगे

देवगाव रंगारी

आदरणीय सोमनाथराव व्याही यांस बद्रीनाथचा रामराम आणि विहीणबाईंना घरच्या सगळ्यांचा नमस्कार. त्यांचा गुडघा आता जिना चढू देत असेल. इकडे सगळे खुशाल. तुमच्या जावयाची, सुदर्शनची, वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी चालू आहे. तो दिवसा झोपतो, म्हणून त्याची आई, आमची सरूबाई, अंगणातल्या कोंबड्यालाही आवाज काढू देत नाही.

पत्रास कारण तुमची तनुजा. आमच्या पाझर तलावावर जलपर्णी किती माजली होती ते तुम्ही लग्नात पाहिलंच. (तुमच्याकडचे एक पाहुणे हिरवळ समजून तिच्यावर सतरंजी टाकायला निघाले होते. नाव लिहीत नाही, ते हे पत्र वाचत आहेत.) पुढे ग्रामसभेत तलावात तणनाशक ओतायचं ठरलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. तेवढ्यात बिरू उठला. त्याच्या म्हशी तिथंच पाणी पितात. "अवशीद वतल्यावर माझ्या म्हशीनं काय घरोघर पाणी मागत फिरायचं व्हय?" म्हणाला. उत्तर तनुजाने दिलं. जलपर्णी खाणारे भुंगे असतात, ते सोडू. दोन पावसाळे थांबा, नाही जमलं तर खुशाल औषध ओता. बोलली सून आणि घाम फुटला मला. बिरूच्या म्हशी आणि आमच्या घराची अब्रू आता एकाच डब्यात होती.

तनुजाने कृषी विद्यापीठातून मागवलेला तो डबा आला. आत मसुराएवढे करडे भुंगे, तोंडाला सोंड. सरूबाईला वाटलं ज्वारीतले सोंडे. तिने ते नेहमीप्रमाणे सुपात ओतले, कडुनिंबाचा पाला टाकला आणि सूप उन्हात ठेवलं. (जन्मभर तिने सोंड्यांचं हेच केलं, तिचं काय चुकलं?) तनुजा रडवेली झाली. मग आम्ही सगळ्यांनी अंगणात रांगत भुंगे वेचले. सुदर्शनही झोपेतून उठून वेचत होता, त्याच्या ओंजळीत निम्मे खरे सोंडे निघाले.

गावाला दुसरीच धास्ती होती, हे कपाशीवर चढले तर? खरं सांगतो, मलाही होती. म्हणून तनुजाच्या नकळत मी चार भुंग्यांपुढे कपाशीचं पान ठेवलं, मेथी ठेवली, शेवटी पेढा ठेवला. एकानेही सोंड लावली नाही. जलपर्णीचं पान दिलं तेव्हा कुठे जेवायला बसले. व्याही, मी थक्क झालो. आपण एकादशीला उपास म्हणून साबुदाणा, भगर, रताळी आणि वर केळी खातो. हे जीव मरतील, पण दुसऱ्या पानाला तोंड लावणार नाहीत.

तलावात सोडल्यावर वर्षभर काही दिसेना. "बद्रीनाना, जेवले का तुमचे पाव्हणे?" असं लोक विचारत आणि मी खाली मान घालून निघून जाई. पण पानांवर बारीक टिपके पडत होते, अळ्या देठ आतून पोखरत होत्या. या पावसाळ्यानंतर ती हिरवी गादी तपकिरी झाली आणि तुकड्यातुकड्याने पाण्यात बसली. आवाज नाही, गाजावाजा नाही. मी काठावर गेलो तर मधोमध उघडं पाणी आणि त्यात ढग. बिरूची म्हैस नाकापर्यंत आत बसली ती अंधार पडेपर्यंत बाहेर यायला तयार नव्हती. तुमच्या लेकीचा मला फार अभिमान वाटतो. तोंडावर सांगायला जमत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो.

लोभ आहेच. तो जलपर्णीसारखा वाढावा असं मात्र आता म्हणवत नाही.

आपला,
बद्रीनाथ

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. माहेरी न्यायला लवकर मुराळी पाठवा. इकडे खाण्यापिण्याचे हाल सुरू झाले आहेत.

पुन्हा ता. क. वरचं वाचून सरूबाई संतापली. हाल सुनेचे नाहीत, भुंग्यांचे. जलपर्णी संपत आली आणि दुसरं काही ते खात नाहीत, त्या काळजीने तनुजालाही घास जाईना. फर्दापूरला तुमच्या बंधाऱ्यात जलपर्णी भरपूर आहे असं ऐकतो, कृपा करून उपटू नका. मुराळ्याने भुंग्यांचा डबा घ्यावा आणि परत फिरावं. त्याने तनुजाला न्यायची गोष्ट काढली तर बिरू रस्त्यात म्हैस आडवी बांधणार आहे.