अण्णांच्या जिभेवरचं पांढरं

जालना, ३ सप्टेंबर १९७४
नऊ नंबरला नवा पेशंट. केदारखेड्याचे अण्णा. डायबेटिस, पायाची जखम चिघळलेली. सोबत बायको. सलाईन लावेपर्यंत काकू गोड होत्या. मग, "बाई, कुठल्या तुम्ही?" पिंपळगावची, बौद्ध वस्तीतली, म्हटलं. अण्णांचं तोंड पुसायला पाणी नेलं तर वाटी बाजूला सरकवली. "ऱ्हाऊ द्या. त्यांच्या तोंडाचं मी बघते." म्हणजे माझी सुई चालते, पाणी चालत नाही.

५ सप्टें.
पुन्हा तेच. मीही म्हटलं, करा! एक काम कमी. कागदावर मात्र 'तोंड साफ केले' लिहून सही ठोकली. रिकामं सोडलं तर मेट्रन कारण विचारणार, आणि ते सांगायची मला लाज वाटते. मला का वाटावी, कोण जाणे.

११ सप्टें.
ताप हटेना. डॉ.नी औषध बदललं, आणखी भारी. अण्णा जेवत नाहीत. काकू: "उष्णता झाली वो. जीभ पांढरी पडली. मध लावून राह्यले." ऐकलं. उठून बघितलं नाही. राग होता. सही केली.

१४ सप्टें.
अण्णांना पाणीही गिळवेना. काकूंना न विचारता तोंड उघडलं. जिभेपासून घशापर्यंत दह्यासारखे थर. पुसलं तर खाली रक्त. डॉ. म्हणाले, बुरशी. साखर वाढलेली, दहा दिवस भारी औषधं, वर मध. "इतके दिवस कुणालाच दिसलं नाही?" मी जांभळं औषध लावलं. काकूंनी आज हात अडवला नाही. त्याचा आनंद वगैरे काही झाला नाही.

१५ सप्टें.
थंडी वाजून ताप. बुरशी रक्तात उतरली असावी, त्याचं औषध इथं नाही. दुपारी औरंगाबादला पाठवलं. गाडीत चढताना काकू रडत म्हणाल्या, "बाई, तुम्ही जबरदस्ती करायची व्हती. मला काय कळतं?" अशी चीड आली! पण बाई बरोबर बोलत होती.

१८ सप्टें.
अण्णांची काही खबर नाही. डॉ. आमच्याकडचे कागद चाळत होते. "रोज तोंड साफ केलंय, तुमची सही आहे. म्हणजे बायकोच्या मधानंच झालं. औरंगाबादला तसं कळवतो. बराबर ना, सिस्टर?"
मी हो म्हणाले. पत्र उद्याच्या टपालानं जाणार आहे.