कार्डावरचा ओ पॉझिटिव्ह

३ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. हिच्या हाती लागू नये म्हणून जुन्या बुटांच्या खोक्यात.
कोलेस्टेरॉल २४८. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिने लोणी, चीज बंद, रोज चालायचं. नाही उतरलं तर गोळ्या. वरून वडिलांची आठवण करून दिली. वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मी बासष्टचा.
निश्चय : लोणी बंद. कायमचं.

५ मार्च
लोण्याविना टोस्ट म्हणजे पुठ्ठा. पण निश्चय म्हणजे निश्चय. चालणं उद्यापासून, बूट चावतात.

६ मार्च, दुपारी
शोध लागला! दवाखान्यातलं मासिक वाचायला आणलं होतं (परत करणार आहे). त्यात लिहिलंय, निरोगी माणसांत ए गटवाल्यांचं कोलेस्टेरॉल ओ गटवाल्यांपेक्षा सरासरीनं थोडं जास्त निघालं. मी ओ पॉझिटिव्ह! कारखान्याच्या ओळखपत्रावर लिहिलेलं आहे. म्हणजे २४८ ही लॅबची चूक.
ही मात्र ए. बाळंतपणाच्या कागदावर आहे. बिचारी, धोका हिला आणि उपास मला!

७ मार्च
हिचं लोणी बंद केलं. तिच्या वाटचं वाया जाऊ नये म्हणून मीच खातो. तुमचा त्याग बघून ऊर भरून येतो, म्हणाली. मलाही भरून आलं.

१९ मार्च
औषधाच्या दुकानदाराला लेख दाखवला. म्हणतो, काका, सरासरी हजारोंची मिळून काढतात, तुमचा आकडा तुमचाच. फरकही किरकोळ आहे. पदव्या घेतल्या की साधी गोष्ट डोक्यात शिरत नाही. मी स्वतः वाचून शिकलेला माणूस, मला शिरते.

२ एप्रिल
आमच्या कारखान्यातल्या वेल्डरचा फोन. रक्तदानाला गेला होता. कार्डावर ओ पॉझिटिव्ह, तिथे बी निघाला. अपघात झालाच तर कामी येईल म्हणून बापडा अजून ते कार्ड पाकिटात बाळगतो. त्याला धीर दिला : गड्या, हल्ली लॅबवाले काहीही सांगतात. कार्ड मी स्वतःच्या हातानं भरलंय. त्याला पटलं. माझ्या शब्दाला अजून वजन आहे.

२८ एप्रिल
चीज. फक्त रविवारी. (आज मंगळवार. अपवाद.)

१५ मे
जिना चढताना धाप लागली. जिना उंच आहे.

१ जून
तपासणी. ही पण आली, तिचंही रक्त दिलं. थोरली लेक म्हणाली, बाबा, त्यातच गटही बघून घ्या, एकदाचा तुमचा ओ ओ थांबेल. हसत हो म्हटलं. बघू दे पोरीला.

३ जून, संध्याकाळी
हिचं नॉर्मल. माझं २८१.
गट : ए पॉझिटिव्ह.
पुन्हा तपासायला लावलं. पुन्हा ए. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ओ कुणी सांगितलं होतं? खिशातून ओळखपत्र काढलं आणि अक्षर बघत बसलो. ओळखीचं अक्षर.
कारखान्याच्या टाइम ऑफिसात, हजेरी आणि कार्डांच्या कामावर, मी चौतीस वर्षं. नवी कार्डं आली तेव्हा साहेबांचा हुकूम होता, एकही रकाना रिकामा नको. रक्तगट निम्म्यांना ठाऊक नव्हता. बहुतेक लोक ओ पॉझिटिव्हच असतात असं कुठेसं ऐकलं होतं. ज्याला ठाऊक नाही, त्याला ओ पॉझिटिव्ह. दोनशे तरी असतील. हात बसावा म्हणून पहिलं कार्ड माझंच भरलं होतं.
हिनं स्वतःच्या टोस्टला लोणी लावलं. पातळ. माझ्यापुढे कोरडा टोस्ट आणि गोळी.
वेल्डरला फोन लावायला हवा. काय बोलायचं ते चार ओळींत लिहून काढायला बसलो. लॅबची चूक नव्हती, इथपर्यंत जमलं. पुढचं वाक्य तीनदा खोडलं.
ही म्हणते, अहो, गोळी घ्या आधी, आणि मग खरं ते सांगून टाका. मी काय लिहितोय ते हिला कसं कळलं, कोण जाणे. खोक्याचं झाकण उलटं बसलेलं आहे.
गोळी घेतली. फोन लावतो.