टेबलाखालचे पाय

१२ मार्च

चिंगे,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण कुरकुर काय, तुझी वहिनीही करते.

अजून त्याच कचेरीत आहे. मुलाखती असल्या की कोपऱ्यातल्या टेबलावर बसून गुण लिहून घेतो. साहेबांना उमेदवारांचे चेहरे दिसतात, मला टेबलाखालचे पाय. चेहरा काय वाटेल ते सोंग आणतो गं, पायांना ते जमत नाही. परवा एकजण छाती काढून उत्तरं देत होता आणि खाली दोन्ही टाचा बुटांबाहेर. नवे बूट चावत असणार.

त्याच्यामागून एक मुलगी आली. चांगली बोलत होती. एका प्रश्नाला अडली आणि तिने उजवा पाय हळूच डाव्या पायावर ठेवला. बाबा पाढे विचारायचे तेव्हा तू अशीच उभी राहायचीस. मी वर पाहिलं. हनुवटीही तुझीच. मग कागद पाहिला, आडनाव तुझ्या सासरचं.

आमच्याकडे नियम आहे. उमेदवार नात्यातला निघाला तर तसं सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं. आईला कुणी सांभाळायचं यावरून आपलं वाजलं, तेव्हापासून ना मी तुझी पायरी चढलो, ना तू माझी. पोरीला पाळण्यात पाहिलं ते शेवटचं. गप्प बसलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता. पण गप्प बसायचं म्हणजे ही माझी कुणी नाही असं म्हणायचं. ते काही जमेना. उठलो.

"साहेब, ही माझी भाची आहे."

गुणांचा कागद साहेबांपुढे सरकवला.

बाहेर बाकावर जाऊन बसलो. मुलाखत संपल्यावर ती सरळ येऊन शेजारी बसली. मी म्हटलं, तुला धक्का बसला असेल. तर म्हणते कशी,

"तुम्ही पेन टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवलंत ना मामा, तेव्हाच ओळखलं. आई अजून आम्हाला ओरडते, दादासारखं नीट ठेवा म्हणून."

मी चष्मा पुसत बसलो. घरी काही बोलू नकोस, मीच लिहितो, एवढं सांगितलं.

तिच्या निकालाचं मला विचारू नकोस, ते आता माझ्या हातात नाही. मलाच तुला विचारायचंय. रविवारी येऊ का? दार उघडशील तेव्हा तोंडाने काय हवं ते बोल. मी पायांकडे बघेन.

अजूनही तुझाच,
दादा