बारशातला खोकला

खांदेश्वर, रविवार

प्रिय आई,

ईरा छान आहे, पोटभर दूध पिते. मीही बरी आहे. बाबांचा डोळा कसा आहे? त्यांच्या ऑपरेशनमुळे तुला बारशाला येता आलं नाही, याची सगळ्यांनाच चुटपुट लागली.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू खोकतच आल्या होत्या. "नाही आले तर बरं दिसत नाही," म्हणाल्या. ईराला घ्यायला त्यांनी हात पुढे केले, तेव्हा मी म्हटलं, "काकू, आज लांबूनच बघा."

त्या रागावल्या आणि ह्यांच्या आत्यांना चिकटून बसल्या. सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात आत्यांना ताप आला, फ्लू निघाला. आता बऱ्या आहेत. हल्ली सासूबाईच दारात विचारतात, "सर्दी-खोकला नाही ना?"

काल फोनवर तू सारखी खोकत होतीस. धुळीचा आहे म्हणालीस. तेव्हा बोलायचा धीर झाला नाही, म्हणून तिकडे निघालेल्या प्रसाददादाच्या हाती हे पत्र देतेय. शनिवारचं तिकीट रद्द कर. रागावू नकोस. खोकला पूर्ण थांबला की ये, ईराला तुझ्या मांडीवर मीच ठेवीन.

तुझी,
अबोली